निळा धूर आणि डब्याचं झाकण

मामाच्या गाडीत मी जवळजवळ दोन लिटर जास्तीचं तेल ओतलं, ते निव्वळ हुशारीपोटी. गाडी फाटकासमोरच्या चढावर उभी, इंजिन नुकतंच बंद झालेलं. तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. गाडी सपाटीवर हवी, तेल खाली उतरायला दहा मिनिटं द्यावीत, असं पुस्तिकेत लिहिलंय. ते पान मी नंतर वाचलं. डबा उपडा करून घरभर ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "मी बघितलं नसतं तर इंजिन बसलं असतं!" मामीने कौतुकाने माझ्या कपात जास्त साखर घातली.

तिसऱ्या दिवशी गाडी निळा धूर ओकायला लागली. सिग्नलला मागचा स्कूटरवाला दिसेनासा व्हायचा, फक्त त्याच्या शिव्या ऐकू यायच्या. दोन गॅरेजवाल्यांनी टर्बोखालचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याखालचं, तेल बोटाला लावून पाहिलं आणि एखादा नातेवाईक गेल्यासारखा चेहरा करून सांगितलं, "टर्बो गेला. नवा टाका."

ही गाडी भाड्याने चालते. एक दिवस मामा चालवतो, एक दिवस त्याने ठेवलेला ड्रायव्हर. खापर फुटायला डोकं हवंच होतं. "दामटवली असणार त्याने," मामा म्हणाला. "आज संध्याकाळी त्याला घरी बसवतो. दोन पोरं आहेत म्हणून इतके दिवस सांभाळला."

मी तोंड उघडलं. आणि जांभई दिली.

शेवटी आम्ही 'थांबा'कडे गेलो. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पन्नाशीचा, काटकुळा, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेला हा मेकॅनिक गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य संपायच्या आत "थांबा" म्हणतो. लग्नाला हो म्हणायच्या आधीही तो हेच म्हणाला होता, असं त्याची बायको सांगते. गॅरेजला लागून असलेल्या खोलीत तिचं शिवणयंत्र चालतं. मधलं दार उघडंच असतं, त्यामुळे गाडीच्या निदानात तिचाही सहभाग असतो.

"टर्बो गेला म्हणतात..." मामाने सुरुवात केली.

"थांबा." त्याने चालू गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं. त्यावर तेलकट गोल उमटला. "काळा धूर असता तर हवा कमी, डिझेल जास्त. पांढरा असता तर पाण्याची भानगड. हा निळा. इंजिन तेल पितंय."

"म्हणजे टर्बोच ना?"

"त्यांनी तेल पाहिलं. ते आलं कुठून, ते पाहिलं?" इंजिन बंद करायला लावून, टर्बोच्या तोंडावरचा जाड रबरी पाइप काढून त्याने आत दोन बोटं घातली आणि पंखा हलवून पाहिला. "पुढेमागे जरासुद्धा हलत नाही. हा मेलेला नाही." मग कोणत्याच गिऱ्हाइकाला न चुकणारा त्याचा प्रश्न आला, "बॉनेटखाली शेवटचा हात कोणाचा?"

"ड्रायव्हरचा! आणखी कोणाचा?"

थांबाने माझ्याकडे पाहिलं. "तेल कोणी बघितलं?"

"मी. बरोबर आहे."

"वरून ओतलं काही?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या सहज, की मलाच खरं वाटलं.

"शिकलेला मुलगा आहे," मामा अभिमानाने म्हणाला.

"करा चालू," थांबा म्हणाला.

इंजिन आधी नीट घुरघुरलं. मग आपणहूनच वेग घेत गेलं. गुरगुर, मग किंचाळी. गॅरेज निळं झालं, भिंतीवरचे पाने खणखणायला लागले. "पाय काढा!" थांबा ओरडला. "पाय वर आहे!" मामा ओरडला. "बंद करा!" मामाने चावी काढून खिडकीबाहेर धरली. "ही बघा चावी! माझ्या हातात आहे!"

इंजिनाला आता ना चावीची गरज होती ना डिझेलची. मी ओतलेलं तेलच ते पीत होतं. थांबाने बाकावरचा जेवणाचा डबा उचलला, स्टीलचं झाकण ओढून काढलं आणि टर्बोच्या तोंडावर दाणकन दाबलं. झाकण आत ओढलं गेलं, वाकलं. इंजिन गुदमरलं, हिसके देत थांबलं.

मामा पायरीवर बसला, चावी तशीच पुढे धरलेली.

बऱ्याच वेळाने थांबाने पट्टी ओढली. तेल वरच्या खुणेच्या चार बोटं वर. "मीच आधी बघायला हवं होतं," तो स्वतःशीच म्हणाला. "जास्तीच्या तेलाला उतरायला जागा नाही, मग ते टर्बोतून बाहेर येणारच."

"त्यानेच ओतलं!" मामाने फोन काढून ड्रायव्हरला लावला.

"थांबा," थांबा म्हणाला. तो कोणाकडेच बघत नव्हता. "एकोणिसाव्या वर्षी मी अशाच एका पाइपात फडकं विसरलो. टर्बोने ते गिळलं, इंजिन फुटलं. मालकाने ड्रायव्हरला काढलं. मी शेजारी उभा राहून नट पुसत होतो. तो ड्रायव्हर आता आमच्याच गल्लीत राहतो. त्याची स्कूटर मी फुकट बघतो. तो सगळ्यांना सांगतो, माणूस सोन्यासारखा आहे."

पलीकडचं शिवणयंत्र बंद झालं. थांबाची बायको, म्हणजे काकू, दारात आल्या. "सत्तावीस वर्षं झाली लग्नाला," त्या म्हणाल्या. "हे मला कधी सांगितलं नाहीत."

त्यांना तो "थांबा" म्हणाला नाही.

"मामा," मी म्हणालो, "तेल मी ओतलं."

मामाने मारलं असतं तर बरं झालं असतं. तो अनोळखी पोराकडे पाहावं तसा पाहत राहिला. फोनमधून "हॅलो, साहेब? हॅलो?" ऐकू येत होतं. मामाने फोन माझ्या हातात दिला. "तूच बोल."

मी सगळं सांगितलं. ड्रायव्हरने एवढंच विचारलं, "म्हणजे उद्या येऊ ना मी?"

जास्तीचं तेल काढलं, पाइप धुतले. दोन दिवस धूर रेंगाळला आणि गेला. टर्बो तोच आहे, ड्रायव्हरही तोच. काच धुवायचं पाणी भरायलासुद्धा मामा मला बॉनेटजवळ फिरकू देत नाही.

परवा गॅरेजवरून जाताना थांबाला विचारलं, "तुमच्या गल्लीतल्या त्या स्कूटरवाल्याला सांगितलंत?"

"थांबा," तो म्हणाला आणि गाडीखाली सरकला.

झाकण द्यायचं माझ्याकडून राहिलंच आहे. चार दुकानं हिंडलो, नुसतं झाकण कोणी विकत नाही. काकू अजून त्याच्या डब्यावर बशी ठेवून वर रबर लावतात.