भोंग्याचं विमान

नगर जिल्ह्यात सगळ्यांत जास्त माणसं कुठल्या विमानात बसली, सांगू? आमच्या! नवरा माझा, शांतवन फोटोवाला. जत्रेत तंबू ठोकायचा, प्लायवूडचं विमान उभं करायचं, त्यामागच्या बाकावर अख्खं घरदार बसवून फोटो काढायचा, हा आमचा धंदा. ह्यांनी खरं विमान जवळून कधी बघितलंच नव्हतं. मग काय, एस.टी.सारख्या खिडक्या काढल्या, पोपटी रंग फासला आणि पुढं रबरी भोंगा बसवला! पोंऽऽ केल्याशिवाय म्हातारी माणसंसुद्धा उतरत नसत.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. पेपरात आपल्या नॅट लढाऊ विमानाचे फोटो आले आणि ह्यांच्या अंगातच आलं. "एलिझाबेथ, आपलं विमान म्हणजे शुद्ध फसवणूक आहे गं!" दोन महिने खपून प्लायवूडचंच हुबेहूब नॅट कापलं. चंदेरी, निमुळतं, आणि आत जागा एकाच माणसाला. मी म्हटलं, "अहो, बाकीच्यांनी काय पंखाला लोंबकळायचं?" तर म्हणे, तुला विमानातलं काय कळतंय, ते जुनं घाल चुलीत.

मी कशाला घालतेय! मढीच्या कानिफनाथाच्या जत्रेला निघताना ते गुपचूप सामानात घेतलं आणि तंबूत अंथरुणाखाली आडवं टाकलं. खडे टोचत नाहीत. हे रोज त्याच्यावरच घोरायचे, पण खाली काय आहे ते बघतील तर शपथ.

जत्रेत लोक नॅटजवळ यायचे, वा वा करायचे आणि विचारायचे, "मंडळी कुठं बसवायची?" नवरा बसला तर बायको खाली, बायको बसली तर पोरांचं भोकाड. शेवटी सगळे शेजारच्या तंबूत मोटारीतला फोटो काढायला जायचे. चार दिवस हे तोंड पाडून बसले. मला राग यायचा आणि कीवही यायची.

पाचव्या दिवशी तिसगावची कडूबाई आली, दरसालचं आमचं गिऱ्हाईक. बरोबर तिचा लेक गोरक्षनाथ, हवाई दलात मेकॅनिक. लढाई लागली तेव्हापासून दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. तेव्हा तिनं कानिफनाथाला नवस केला होता, लेक सुखरूप आला की दोघं मिळून भोंग्याच्या विमानात बसू. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत नोकरीवर निघणार होता.

नॅट बघून तिचा चेहराच उतरला. "आगं बाई, माझं इमान कुठंय? मी नाथाला बोल्लेय गं!"

"मावशी, हे खरंखुरं आहे," हे तोऱ्यात म्हणाले. "लेकाला विचारा."

गोरक्षनाथ नॅटभोवती फिरला. शेपटीवर हात फिरवला. "झकास हाय, काका. बरोब्बर केलंय." हे असे काही फुलले! मग तो म्हणाला, "सहा वर्सं ह्याचेच नटबोल्ट आवळतोय. पन ह्याच्यात आईला कुठं बसवू? जुनं काढा ना."

हे डोकं खाजवायला लागले. "ते... चुलीत गेलं रे."

"गेलं म्हणे!" मी अंथरूण भिरकावलं. भोंगा पिठाच्या डब्यात होता, तोही काढला. ह्यांनी आधी डोळे वटारले, मग लहान पोरासारखे हसले.

मायलेक बसले. कडूबाईनं खिडकी पकडली आणि दुसऱ्या हातानं लेकाचं मनगट. त्यानं भोंगा दाबला, पोंऽऽ!

"हळू चालीव रं, बाबा," ती म्हणाली.

हे कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात शिरले ते बाहेरच येईनात. "अहो, काढा की फोटो!"

"थांब गं. नीट दिसत नाहीये."

फडक्याखाली डोळे पुसत होते, मला काय कळत नाही होय! मीसुद्धा पदर तोंडाला लावला.

भोंगा ऐकून रांग लागली ती पार रेवड्यांच्या दुकानापर्यंत. तंबू बंद केल्यावर ह्यांनी आपल्या हातानं नॅट उचललं आणि अंथरुणाखाली सरकवलं. एकाच माणसाचं ना ते! माझी पाठ रात्रभर खड्यांवर.