विमान बसूनच उडते

माझी लेक हवाई दलात पायलट व्हायच्या तयारीला लागली आहे, म्हणून रोज सकाळी परतवाड्याच्या रस्त्यानं धावते. माझ्या भासऱ्यांना, म्हणजे यांच्या मोठ्या भावाला, ते खुपतं. ते स्वतः कधी बसस्टँडपर्यंतही पायी गेले नाहीत, पण फौजेतलं सगळं त्यांनाच कळतं.

परवा शेतात गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा स्वयंपाक होता. वांग्याच्या भाजीत रोडगा कुस्करून वर तुपाची धार घेत ते लेकीला म्हणाले, "आता समदं बटनावर चालते. पायलट बसूनच रायते, मंग तू कावून धावून राहिली?"

"मोठेबाबा, विमान जोरात वळलं का रक्त पायाकडं उतरते अन् डोळ्यापुढं अंधारी येते. आंगात ताकद नसली त पायलट वरच बेशुद्ध पडते."

"मोबाइलात पाह्यलं असंन," म्हणून ते हसले आणि आणखी एक रोडगा घेतला. मग उठायची वेळ आली, तर मांडी सुटेना. दोघं जण बगलेत हात घालून त्यांना ओढत होते.

लेक म्हणाली, "बटन कुठं हाय, मोठेबाबा? दाबून देऊ काय?"

पंगत हसली. ते लाल झाले. "उद्यापासून इचं धावणं बंद!"

यांनी मान खाली घातली. भावापुढं ती वर कधी असते? भासऱ्यांपुढं आम्ही सुना बोलत नाही, तशी मीही बोलले नाही. असल्या माणसावर शब्द खर्चायचे तरी कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर चहा पीत बसले होते. डोक्यावर पदर घेऊन मी त्यांच्यासमोरून लेकीला रस्त्यावर नेलं आणि ती धावून परत येईस्तोवर तिथंच उभी राहिले.