शुक्रवारचे तेल

शुक्रवारी मास्तरांचे डोके चमकत असे. एरवी केस राठ, विस्कटलेले. शुक्रवारी मात्र खोबरेल चापून बसवलेले, भांग सरळ, दाढी घोटलेली. मुलांनी त्यांचे नाव ‘चंपी मास्तर’ ठेवले होते. मोहाडीजवळच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवीत. मी मुख्याध्यापक होतो. गावात ख्रिस्ती घर त्यांचे एकच, आणि पत्नी गेल्यापासून त्या घरात ते एकटेच.

तेलाचे कारण मला वर्षभराने कळले. शुक्रवारी त्यांचा उपास असे.

“उपास लोकांले दिसू नये, अशी प्रभूची आज्ञा आहे, बडे गुरुजी. तोंड धुवायचं, तेल लावायचं, हसत राहायचं.”

“मास्तर, तुमच्या तेलामुळेच साऱ्या गावाला कळते.”

ते मोठ्याने हसले. “मंग देवाकडचं प्रतिफळ गेलं. भूक तेवढी उरली.”

त्या दिवशी डबाही ते आणीतच. न आणला तर कोणी विचारेल म्हणून. मधल्या सुट्टीत तो शाळेत पाणी भरणाऱ्या कौसाबाईकडे जाई. ती सकाळी फाटकातच त्यांचे डोके पाहून घेई. “मास्तर, आज चंपी केली. म्हंजे आज मी रांधत नाही.”

मी एकादशी करीत असे. साबुदाणा, केळी, वर पेलाभर दूध. मास्तर माझ्या ताटाकडे पाहून म्हणत, “असा उपास असता, तर मी रोज केला असता.” मला ते आवडत नसे.

एकदा सातवीतली मुलगी तापाने पडली. मास्तर तीन दिवस जेवले नाहीत. तिन्ही दिवस तेल लावून आले. चौथ्या दिवशी मुलगी गेली. मी म्हणालो, “काय उपयोग झाला तुमच्या उपासाचा?” हे वाक्य आज लिहावेसे वाटत नाही. पण मी ते बोललो होतो.

मास्तर फळा पुसत होते. “उपास म्हंजे अर्ज नाही, बडे गुरुजी. घरी कोणी दुखण्यात असलं तर आपल्याले जेवण जाते का? तसंच आहे. तिच्या बाजूले बसणं.”

ऐंशी-एक्याऐंशीचे वर्ष असावे. शिवारात लाखोरी सोंगणीला आली आणि ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला. मास्तरांचा डबा रोज कौसाबाईकडे जाऊ लागला. मास्तर वाळत चालले. त्यांच्या निग्रहाचे मला मनातून कौतुक वाटे. एके दुपारी कौसाबाई माझ्या टेबलापाशी आली.

“बडे गुरुजी, मास्तर रोज डबा मले देऊन राहिले. पण डोक्याले तेल नाही. काहून?”

“दुसऱ्याच्या उपासाची चौकशी करू नये.”

“उपास असता तर तेल असतं जी. तुमी इचारा ना त्यायले.”

“जा, माठ भर.”

ती गेली. तिने पुन्हा विषय काढला नाही. मी मास्तरांना विचारले नाही.

ईस्टर झाला. डबा तरीही कौसाबाईकडेच गेला. तेव्हा मी मास्तरांना भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेले. अन्ननलिकेत गाठ होती. घास उतरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणायला हवे होते.

परतीच्या एस.टी.त मी विचारले, “बोलला का नाहीत?”

“न जेवल्याचं कोणाले सांगायची सवय नाही, बडे गुरुजी.” डोक्यावरून हात फिरवीत ते म्हणाले, “तेल मात्र नाही लावलं मी. उपास नव्हता. मंग खोटं कायले दाखवायचं?”

धानाच्या रोवणीपूर्वीच मास्तर गेले. भंडाऱ्याहून त्यांच्या चर्चमधली चार माणसे शवपेटी घेऊन आली. झाकण लावण्याआधी कौसाबाई पुढे झाली. पदराआडून तिने खोबरेलाची वाटी काढली, मास्तरांच्या केसांना तेल चोळले, बोटांनी भांग पाडला. कोणी तिला अडवले नाही. मग ती मागे सरून माझ्या शेजारी उभी राहिली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

त्यानंतर कित्येक वर्षे ती शाळेत पाणी भरीत होती. रोज समोर येत होती. तिची क्षमा मी मागायला हवी होती. मागितली नाही.