भाऊजींची जीभ आणि अमेरिकेची बाटली

२८ डिसेंबर, रविवार. टोपलंभर तुरीच्या शेंगा सोलायच्या होत्या, आणि त्या सोलता सोलता माझ्या भासऱ्यांना एक कडू गोष्ट सांगायची होती. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते. ते मला ‘बाई’ म्हणतात, कारण मी शाळेत शिकवते आणि, त्यांच्या मते, घरातही. अख्ख्या नेर तालुक्यात या माणसाच्या जिभेइतका दरारा पोलिसांचाही नसेल.

भाऊजी जेवत नाहीत, तपासणी करतात. साधं पाणी पितानासुद्धा पहिला घोट गालात फिरवून विहीर कोणती ते सांगतात. एका चुलत पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले, तेव्हा पोह्यांचा घास घेऊन भर बैठकीत म्हणाले, “तेल जुनं हाय, पण पोरगं चांगलं हाय.” लग्न झालं, नातवंडं झाली, तरी ते लोक तेलाचा विषय काढतात. शेजारणी पूर्वी वाटीभर भाजी पाठवायच्या. रिकाम्या वाटीबरोबर भाऊजींचा तोंडी शेरा परत जायचा, त्यामुळे हळूहळू वाट्या यायच्या बंद झाल्या. लग्नकार्यात मात्र आचारी अजूनही पहिला घास देवाला दाखवतो आणि दुसरा चमचा भाऊजींकडे आणतो. देव काही बोलत नाही, म्हणून सगळं भाऊजींवर येतं.

यंदा उन्हाळ्यात त्यांना मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना काय घेऊन गेला ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते दसऱ्यानंतरच्या एका साखरपुड्यात. आचाऱ्यानं वांग्याच्या भाजीचा चमचा आणला. भाऊजी डोळे मिटून म्हणाले, “मीठ कमी.” त्यानं मूठभर टाकलं. पुन्हा चमचा, पुन्हा “अजून कमी.” पंगत बसली आणि पाण्याची पिंपं रिकामी झाली. कोणाची बोलायची हिंमत नव्हती. माझ्या शेजारची बाई डोळ्यांत पाणी आणून जेवत होती. मी विचारलं तर म्हणाली, “खारट हाय वं. पण भाऊनं चाखली म्हणतात, तं बराबरच असन.” मी पंगतीतल्या भाऊजींकडे पाहिलं. ते सगळ्यांसारखंच जेवत होते, फक्त पाण्याला हात लावत नव्हते.

आता माघात माझ्या मुलीचं लग्न. अख्ख्या मांडवाचं जेवण या जिभेवर सोडणं मला परवडणारं नव्हतं. ‘भाऊजी, यंदा चाखायचं राहू द्या,’ एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या माणसाची सगळी इभ्रत जिभेवर उभी आहे, त्याला हे सांगणं म्हणजे पैलवानाला धोतर फेडायला सांगणं. अर्ध्या शेंगा सोलून झाल्या तरी माझं तोंड उघडलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा मुलगा घरातून एक बाटली घेऊन आला. तो अमेरिकेत असतो आणि नाताळच्या सुटीत आला होता. बाटली त्यानं पायमोज्यात गुंडाळून आणली होती, हे जाऊबाईंनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

“बाबा, ही बिअर चाखून पाहा. एल म्हणतात हिला. तिकडची सगळ्यात कडक.”

जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, “प्यायची तं प्या, पण देवघराकडं पाठ करून बसा.”

भाऊजींनी खाट फिरवून घेतली. बिअर स्टीलच्या पेल्यात ओतली गेली, कारण काचेचे पेले पाहुण्यांचे. वर साबणासारखा फेस, खाली काकवीसारखा तांबूस रंग. पोरगं बाटलीवरचं वाचून सांगू लागलं, “आधी वास घ्या. पपनस, पाइनचं लाकूड आणि जळालेली साखर.”

भाऊजींनी नाक पेल्यात घातलं. बराच वेळ घातलेलंच ठेवलं. मग म्हणाले, “हो. हाय खरं.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आयुष्यात या माणसानं दुसऱ्याचा शेरा कधी मान्य केलेला नाही. डॉक्टरचासुद्धा नाही.

मी पेला मागून घेतला. मला वास सरळ आला: आधी संत्र्याची ताजी साल, मागून सुताराच्या दुकानातला भुसा. मग एक घोट घेतला. गुळचट सुरुवात झाली म्हणून मी जरा सैल पडले, आणि तेवढ्यात पाडव्याचा सगळा कडुनिंब एकदम घशात उतरला. मोहाची दारू म्हणावी तर फुलाचा पत्ता नाही; काढा म्हणावा तर ढेकर येतो. पोटात गेल्यावर छातीशी ऊब आली, पण कडवटपणा जिभेवर पाहुण्यासारखा पाय पसरून बसला. “या लोकांना गूळ मिळत नाही का रे?” मी विचारलं.

भाऊजींनी पेला परत घेतला आणि काढा पितात तसा अर्धा एका दमात रिचवला. मग थांबले. भुवया वर गेल्या, कान हलल्यासारखे वाटले, जीभ बाहेर आली आणि आत गेली.

“कडू,” ते म्हणाले. मग जोरात, “कडू हाय वं! लय कडू!”

“नाही आवडली तर राहू द्या, बाबा.” पोरानं पेल्याला हात घातला.

“हात लावू नको! मले पिऊ दे. काहून काढून घेऊन राह्यला?”

“झालं. चढली यायले,” जाऊबाई म्हणाल्या.

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, “बाई, उन्हाळ्यापासून पह्यलीच चव.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

“साखरपुड्यात कळलं?”

“कळलं. अख्ख्या पंगतीला भाजी खारट लागली हो.”

“मंग कोणी बोललं काहून नाही?”

मी पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारली केली. मीठ लावून पिळली नाहीत, आणि भाजीतही मीठ घातलं नाही. डबा घेऊन गेले आणि समोर उभी राहिले. भाऊजींनी घास घेतला, डोळे मिटले. “कडू काढायचा आळस केला तुनं,” म्हणाले. आणि मग, “मीठ कमी.”

मीठ त्यांना खरंच कळलं की ती जुनी सवय बोलली, हे मी विचारलं नाही. घरी येऊन आचाऱ्याला फोन केला. म्हटलं, दुसरा चमचा नेहमीसारखा भाऊजींकडेच न्या. तिसरा माझ्याकडे आणा, आणि कोणाला सांगू नका.