आमच्या आईंचं नाव नीलव्वा होतं

परवा माझ्या सासूबाई गेल्या. चौकातल्या फळ्यावरचं नाव वाचून परंड्यात कुणालाच कळलं नाही, कोण गेलं.

माणसं दारात येऊन विचारत होती.
"आडनाव तुमचं हाय. पण ह्या नीलव्वा कोण?"

गाव त्यांना निर्मलाकाकू म्हणायचं. पन्नास वर्षं.

त्या उमरग्याकडच्या. माहेरी कानडी आणि मराठी, दोन्ही बोलायचे. आईनं ठेवलेलं नाव नीलव्वा.

लग्नात सासरच्यांनी विचारलं, अर्थ काय?
नीला हे नाव. अव्वा म्हणजे आई.

त्यांचे सासरे म्हणाले, "म्हंजे म्या सुनेला आई म्हणून हाक मारू? उठता-बसता?"

सगळे हसले. ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं 'निर्मला' लिहिलं, पेढे वाटले.

झालं.

मला यातलं काही माहीत नव्हतं.

माझं नाव भागीरथी. माझ्या आजीचं. कॉलेजात मैत्रिणी "या आज्जीबाई" म्हणायच्या. मी कधी लाजले नाही.

लग्न होऊन या घरात आले आणि तांदळाचं ताट पुढं आलं. नणंदेनं नाव शोधून ठेवलं होतं. श्रेया.
"वहिनी, एकदम मॉडर्न आहे."
माझ्या नवऱ्यानं, महेशनं, अंगठी हातात घेतली. भरल्या घरात नव्या नवरीनं काय बोलायचं?

सासूबाई म्हणाल्या, "थांब रे. तिला विचारलंस का?"

मग माझ्याकडं वळून, "बदलायचंय का गं तुला?"

मी मान हलवली. नाही.

"मग हाय तेच लिव्ह."

आत्याबाई म्हणाल्या, "वयनी, लई लांब नाव हाय. तांदूळ पुरायचे न्हाईत."

"मग आणखी घाला. घरात पोतं भरून हाय."

महेशनं लिहिलं. 'भा' फार मोठा झाला, 'थी' ताटाच्या काठावर चढला. तो फोटो अजून कपाटात आहे.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्यांनी मला आपलं पहिलं नाव सांगितलं. मी "निलवा" म्हणाले.

"तसं न्हाय. व वर जरा थांबायचं. नील-व्वा. माझी आई दारातनं हाक मारायची, आख्ख्या गल्लीला ऐकू जायचं."

"आता कोण म्हणतं, आई?"

"कुणी न्हाय. माहेरी बी अक्काच म्हणत्यात."

तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "मी गेल्यावर फळ्यावर तेवढं लिव्हा."

एकदाच म्हणाल्या. त्यानंतर बावीस वर्षांत कधी आठवण करून दिली नाही.
मीही विसरले नाही.

परवा चुलत सासरे अडून बसले. "अरे, लोकांना कळायचं न्हाय. निदान खाली निर्मला टाक."

महेशनं खडू उचलला.
"कळलं नाही तर विचारतील, काका. आपण सांगू."

तेवढंच नाव लिहिलं. मोठ्या अक्षरात. या वेळी काठापर्यंत गेलं नाही, नीट मधोमध बसलं.

आणि लोकांनी विचारलं. दिवसभर. आम्ही दिवसभर सांगत राहिलो. नाव, अर्थ, व वर कसं थांबायचं ते.

शेजारच्या चाचींनी तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बरोबर जमलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "इत्ते साल बाजू में रही मैं. इत्ता अच्छा नाम, छुपाके रखी बुढ्ढी."

आज सकाळी दूधवाले दारात थांबले. किटली खाली ठेवली.
"नीलव्वा गेल्या. लई वाईट झालं."

कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. गावातूनच ऐकून आले होते.

रडायला हवं होतं. माझी मान ताठ झाली.

सुनेनं सासूचं नाव घेऊ नये म्हणतात. मी त्यांना नावानं कधी हाक मारली नाही. बावीस वर्षं आईच म्हणत आले.

आज निरोप देताना नावानं हाक मारते. त्यातही आईच आहे.

नीलव्वा, या आता.