दहा किलोमीटरची पाहणी

आमच्या मुलुंडच्या कॉलेजात क्रीडा समितीवर एक बाई असावीच लागते, म्हणून मी होते. धावण्याशी माझा तेवढाच संबंध.

त्या वर्षी भांडुपची एक मुलगी अर्ज घेऊन आली. क्रॉस कंट्रीत मुलांना दहा किलोमीटर, मुलींना सहा. कॉलेजभोवतीची एक फेरी दोनची, म्हणजे मुलींच्या तीनच. "मॅडम, तिसऱ्या फेरीनंतर कुठे माझे पाय मोकळे होतात, आणि तुम्ही नेमकी तिथेच फीत धरता. शेवटचं वर्ष आहे हो माझं. एकदा दहा धावू द्या ना."

मी अर्ज समितीपुढे ठेवला. रसायनशास्त्राचे सर दचकले. "दहा? मुलींना झेपेल?"

"सर, तुम्ही शेवटचे कधी धावलात?"

"स्वतःच्या लग्नाला उशीर झाला होता तेव्हा."

उपप्राचार्यांनी तोडगा काढला : समितीने दहा किलोमीटर स्वतः चालून पाहायचे. शनिवारी सकाळी आम्ही निघालो. दुसऱ्या फेरीत उपप्राचार्य शहाळीवाल्याच्या स्टुलावर बसले ते उठेचनात. रसायनशास्त्र चप्पल हातात घेऊन नाल्याच्या कठड्याला टेकलं होतं.

"दहा हे माणसाच्या कुवतीबाहेर आहे," उपप्राचार्य शहाळ्यातून म्हणाले. "मुलांचंही सहा करा!"

ठराव तिथेच, एकमताने; मला तो नंतर कळला. माझा विरोध धरला नाही, कारण मी पुढे निघून गेले होते. समानता आणल्याबद्दल त्यांनी एकमेकांचं अभिनंदनही केलं.

मुलीला सांगितलं तर ती रडकुंडीला आली. "मॅडम, मी बरोबरी कुठे मागितली? चार किलोमीटर मागितले होते."

अंतर एकच म्हणून शर्यतही एकत्र झाली. मुलींत ती पाचवी आली. आली, आणि फितीपाशी न थांबता सरळ चौथ्या फेरीला निघून गेली! मी स्टॉपवॉच चालूच ठेवलं.

मुलांतला पहिला केळं खात होता. "मॅडम, ही कुठे चालली?"

"दहा करायला."

"आयला! मग मी सहावर बसू काय?" केळं टाकून तो पळाला. त्याच्यामागे आणखी अकरा.

इकडे पाहुणे हार घालून बसलेले, आणि शेवटचा धावपटू आल्याशिवाय बक्षीस द्यायचं नाही असा आमचा नियम.

"थांबवा त्यांना!" उपप्राचार्य ओरडले.

"तुम्हीच थांबवा, सर. धावत जावं लागेल."

ते खाली बसले.

ती आली तेव्हा मागे कोणीच दिसत नव्हतं. बारा वीर वाटेत पोटऱ्या चोळत बसले होते. कंबरेवर हात ठेवून तिने धापा टाकत विचारलं, "किती, मॅडम?"

मी वेळ सांगितली. निकालपत्रात मुलींच्या दहाचा रकानाच नव्हता, तो पट्टीने आखला, वेळ लिहिली आणि कागद उपप्राचार्यांपुढे सरकवला. त्यांना चहाची घाई होती. त्यांनी न वाचता सही ठोकली.