ऊर्जा कुठं गेली, असं विचारणाऱ्या विमलताई

बातमी आली तेव्हा मी रिक्षात होते. मांडीवर थर्मास, थर्मासात भाताची पेज, आणि रिक्षा बिबवेवाडीच्या चढावर गर्दीत अडकलेली. हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. "मॅडम, जरा लवकर येता का?" एवढंच म्हणाली. तिच्या आवाजावरूनच कळलं, त्यामुळे पुढचं काही विचारलं नाही. पोचले तेव्हा पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. ताईंचा हात हातात घेतला, तो गार पडायला लागला होता. सगळं आवरेपर्यंत दुपार झाली आणि मग लक्षात आलं की थर्मास अजून माझ्याच काखेत आहे. झाकण उघडून पाहिलं तर पेजेतून वाफ येत होती. ताईंना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "थर्मासनं थर्मासचं काम केलं, त्यात रडण्यासारखं काय?" मी मात्र रडले.

विमलताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. महापालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आणि मी या घरात आले त्या दिवसापासून आम्ही एका स्वयंपाकघरात वावरलो. आमची मुलगी रूपाली लग्न होऊन गेली, नंतर माझे यजमान अशोक गेले, आणि शेवटची काही वर्षं त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच होतो. नणंद-भावजयीचं जमलं असं सांगितलं की लोकांना ते खोटं वाटतं. खोटं वाटायला हरकत नाही, कारण नेहमी जमत नव्हतंच.

ताई गेल्या त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "ऊर्जा कधीच नष्ट होत नाही, ती फक्त रूप बदलते. मॅडम आपल्यातच आहेत." त्याखाली जोडलेले हात, फुलं, पणत्या. ज्यांनी हा नियम पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतला, त्यांनाच तो श्रद्धांजलीत वाहिला होता. ताईंनी हा मेसेज वाचला असता तर त्याखाली लाल रेघ ओढली असती, कारण याच वाक्यावरून एकदा आमच्या दोघींमध्ये अबोला झाला होता. घर एक, चहाचं आधण एक, आणि बोलणं बंद. तो अबोला कसा सुटला हे सांगितल्याशिवाय ताई कोण होत्या ते सांगता येणार नाही.

आमचे सासरे खडकीच्या एका कारखान्यात बॉयलरवर कोळसा टाकायचे. ताई लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायच्या. एवढा कोळसा जातो कुठं, असं त्यांनी एकदा वडिलांना विचारलं. सासरे म्हणाले, राख होते. "राख तर घमेलंभर. बाकीचा?" तेव्हा त्यांनी पोरीला आत नेऊन फिरणारे पट्टे दाखवले आणि म्हणाले, "बाकीचा हा असा फिरतोय." सासरे फार शिकलेले नव्हते. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या पिढीतले, पोरीनं शिकावं एवढाच ध्यास. पण ताई म्हणायच्या की माझी बी.एस्सी. त्या दिवशीच अर्धी झाली होती, उरलेली अर्धी कॉलेजात काढली.

वर्गात त्यांचा एक खेळ असायचा. फळ्यावर खडूनं एक रेघ मारायच्या आणि विचारायच्या, ही रेघ कुणी मारली? मुलं म्हणायची, बाईंनी. मग उलटं चालायचं. बाईंच्या हातात जोर कुठून आला? सकाळच्या चहातून, चहातल्या साखरेतून. साखर कुठून आली? मांजरी गावाकडच्या उसातून. उसात काय होतं? "ऊन!" असं सगळा वर्ग ओरडायचा. म्हणजे फळ्यावरची रेघ सूर्यानं मारली. शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार करायच्या की तुमच्या तासाला फार आरडाओरडा होतो. ताई म्हणायच्या, "ध्वनी हीसुद्धा ऊर्जाच आहे. तुमच्या वर्गात तुटवडा असेल तर घेऊन जा."

शाळेतलं हे सगळं घरात आलं की मात्र डोक्याला ताप व्हायचा. बसनं ब्रेक मारला की, "मंगल, आता हिचा वेग कुठं गेला सांग बरं." मी लष्कर भागातल्या सरकारी कचेरीत दिवसभर फायली उपसून आलेली. मला वेग कुठं गेला याच्याशी काय देणंघेणं? ब्रेकमध्ये गेला, ब्रेक तापले, उष्णता हवेत गेली, हे उत्तर मला झोपेतसुद्धा पाठ झालं होतं. स्वयंपाकघरात त्यांनी एक लाकडी पेटी करून घेतली होती, आतून सासूबाईंच्या जुन्या गोधड्या लावलेली. वरणाला उकळी आली की गॅस बंद, पातेलं पेटीत, वर गोधडी, वर झाकण. उरलेलं शिजणं आतल्या उष्णतेवर. वरण छान शिजायचं, हे कबूल केलं पाहिजे. तोंडावर मी कधी कबूल केलं नाही.

रूपालीच्या साखरपुड्याला मात्र या पेटीनं आमची फजिती केली. मुलाकडचे लोक लोणी काळभोरचे, खाऊन-पिऊन सुखी, जेवणाबद्दल काटेकोर. ताईंनी हट्टानं मटणाचं मोठं पातेलं पेटीत ठेवलं. मुलाचे मामा स्वयंपाकघरात डोकावले. "ताई, पेटीत काय हाय?" ताई म्हणाल्या, मटण. "अन् गॅस तर बंद हाय!" झालं, ताईंना विद्यार्थी मिळाला. झाकण उघडून, गोधडी बाजूला करून त्यांनी मामांना वाफ दाखवली. मग मामांनी आपल्या भावाला आणलं, त्याला दाखवली. मग विहीणबाईंना दाखवली. मग पोराटोरांना. प्रत्येक वेळी झाकण उघडं आणि ताईंचं व्याख्यान सुरू. जेवायला बसल्यावर मामांनी एक तुकडा बराच वेळ चघळला आणि अगदी अदबीनं म्हणाले, "ताई, उष्णतेचं काम अजून चालूच हाय वाटतं." सगळी पंगत हसली. ताईसुद्धा हसल्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, "झाकण सारखं उघडलं. चूक माझी आहे. मटणाची नाही आणि विज्ञानाची तर मुळीच नाही." पातेलं परत गॅसवर गेलं, लग्न ठरलं होतं तसंच राहिलं, आणि मामा पुढं प्रत्येक भेटीत ताईंना पेटीची खुशाली विचारत राहिले.

अशोक गेले ते सकाळी पेपर वाचता वाचता. हृदयविकाराचा झटका, हॉस्पिटलपर्यंतसुद्धा वेळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना एक चुलत दीर माझ्या शेजारी बसून म्हणाले, "वहिनी, ऊर्जा नष्ट होत नाही. विज्ञानच सांगतं. अशोक इथंच आहे." मला ते वाक्य दोरासारखं वाटलं. धरून ठेवावं असं वाटलं. समोर आयुष्यभर तेच शिकवलेली बाई बसली होती. मी त्यांच्याकडे वळून विचारलं, "ताई, तुम्ही सांगा. खरं आहे ना?"

ताईंचे डोळे सुजलेले होते. पण आवाज वर्गातला होता. "नियम खरा आहे, मंगल. पण तो अशोकला लावू नकोस. त्याच्या अंगातली ऊब खोलीतल्या हवेत गेली, भिंतींत गेली. ती आता कुणाच्या कामाची नाही. आणि अशोक म्हणजे ती ऊब नव्हे."

त्यांचा सख्खा धाकटा भाऊ गेला होता आणि बाई जणू परीक्षेचे पेपर तपासत होत्या. मी उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. एक हो म्हणायला काय जात होतं त्यांचं? मला आजही वाटतं की त्या दिवशी त्यांनी गप्प बसायला हवं होतं. या मुद्द्यावर मी माघार घेतलेली नाही.

अबोला सुरू झाला. बोलणं बंद असलं तरी भांडण बंद नव्हतं. मी वरण झाकण न ठेवता रटारटा उकळू लागले. गीझर तासन्‌तास चालू. रिकाम्या खोलीत पंखा. एरवी यातल्या एकेका गोष्टीवर ताईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता त्या एक अक्षर बोलेनात. एक दिवस मी बाजारातून आले तर अशोकच्या खोलीत पंखा नुसता गरगरत होता आणि ताई पलंगाच्या कडेला बसून त्याच्याकडे बघत होत्या. बटण हाताशी होतं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं की या बाईचं सगळं अवसानच गेलं आहे. मी पंखा बंद केला. तरी बोलले नाही… मीही काही कमी नाही.

मग सोसायटीनं नोटीस लावली, पार्किंगमधल्या बंद गाड्या हलवा. त्यात अशोकची स्कूटर होती. तिच्यावर मागे बसून मी नोकरीची सगळी वर्षं काढली. अशोक मला रोज सकाळी कचेरीच्या फाटकापाशी सोडायचे आणि मग स्वतःच्या कामाला जायचे. भंगारवाला दोनदा येऊन परत गेला होता, कारण प्रत्येक वेळी मी म्हणायचे, आज नको. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभी होते आणि तो कंटाळून मोबाईल बघत होता. जिन्यावरून काठीचा आवाज आला. गुडघे दुखत असताना ताई तीन मजले उतरून खाली आल्या होत्या.

"मंगल," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी माझं नाव घेतलं होतं! "त्या दिवशी मी अर्धंच बोलले."

मी मान वर केली नाही.

"ऊर्जा कुठं गेली, हेच मी जन्मभर विचारत आले. उत्तर शेवटी एकच येतं. ऊब होऊन हवेत गेली, परत मिळत नाही. या स्कूटरमध्ये अशोकनं किती पेट्रोल जाळलं असेल? सगळं गेलं. धूर झाला, इंजिन तापलं, टायर झिजले. आज त्यातलं थेंबभर शोधून सापडणार नाही." त्या थांबल्या, दम लागला होता. "पण तू कचेरीत पोचलीस ना गं? रोज पोचलीस. पेट्रोल गेलं म्हणून तुझं पोचणं पुसलं जात नाही. मला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मला सुचलं नाही. माझाही भाऊ गेला होता…"

भंगारवाला मोबाईल खिशात ठेवून उगाचच दुसरीकडे बघू लागला. मी ताईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि अशोक गेल्यापासून रडले नव्हते तेवढं रडले. त्याही रडल्या. मग पदरानं डोळे पुसून त्याला म्हणाल्या, "अहो, बघत काय उभे राहिलात? घेऊन जा. आणि आरसा सांभाळून काढा, काच आहे." स्कूटर गेली. वर आल्यावर मी वरण लावलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

त्यानंतर आम्ही दोघींनी मजेत दिवस काढले. भांडलोही भरपूर. शेवटच्या वर्षात ताईंचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, पंपिंग कमी झालंय. ताई म्हणाल्या, "पंप जुना आहे, दोष डॉक्टरांचा नाही." लाकडं नकोत, विद्युतदाहिनी हवी, हे त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "जाताना झाडं कशाला जाळायची?" तसंच केलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं. लोणीचे मामा, आता चांगलेच म्हातारे, काठी टेकत आले होते आणि एका कोपऱ्यात बसून रडत होते. संध्याकाळपर्यंत सगळे आपापल्या घरी गेले. रूपाली चल म्हणत होती, पण मी म्हटलं, एकदा या घरात एकटीनं राहून बघू दे. दुसऱ्या दिवशी ती गेली. घरात खरकट्या भांड्यांचा ढीग होता, कामवाली सुट्टीवर, आणि गीझर नेमका त्याच दिवशी बंद पडला. थंडीचे दिवस, नळाचं पाणी बोटं बधिर करणारं. दुपारी भांडी तशीच टाकून मी बाल्कनीत जाऊन बसले. काही करावंसं वाटत नव्हतं. आता कुणासाठी करायचं, असा विचार मनात आला, हे लपवत नाही.

बाल्कनीच्या कठड्यापाशी दक्षिणेच्या उन्हात एक पत्र्याचं पिंप आहे. ताईंनी त्याला बाहेरून काळा रंग दिला होता, खाली तोटी बसवून घेतली होती. सकाळी भरून ठेवायचं आणि दुपारी त्या पाण्यानं हातपाय धुवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. मी त्याला कधी हात लावला नव्हता. दिसायला कळकट, पाहुण्यांसमोर लाज वाटायची. कार्यक्रमाला पाणी लागेल म्हणून रूपालीनं ते भरून ठेवलं असावं. मी सहज तोटी सोडली आणि तिच्याखाली हात धरला. पाणी चांगलं ऊन होतं. क्षणभर वाटलं, ताईच… पण नाही. ताईंनी मला खोटं बोलायला शिकवलेलं नाही. पाणी सूर्यानं तापवलं होतं.

काळा रंग ताईंनी दिला होता. मी बादली भरून घेतली आणि भांडी घासायला बसले.